माहेर आणि सासर एकाच अक्षांशावर, मग पावसात इतका फरक का?

प्रश्न (बाळापूर तालुका, जि. अकोला)

माझे माहेर भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यात आहे आणि सासर बाळापूर तालुक्यात. मागील आठवड्यात आईशी फोनवर बोलले, तेव्हा बांध्या (धानाची बांध घातलेली शेते) तुडुंब भरल्या असून रोवणी आटोपत आल्याचे तिने सांगितले. त्याच दुपारी आमच्या शेतात पऱ्हाटीने, म्हणजे कापसाच्या झाडांनी, माना टाकल्या होत्या आणि काळ्या जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. विषुववृत्तापासून किती दूर आहोत यावर हवामान ठरते, असे आम्ही शाळेत शिकलो. पण नकाशात हे दोन्ही तालुके 21 अंशांच्या थोडे खाली, जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर दिसतात. शिवाय मोसमी वारे अरबी समुद्रावरून येत असतील, तर पश्चिमेकडील आम्हाला पाऊस आधी आणि जास्त मिळायला हवा. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर (निवृत्त भूगोल शिक्षक, आर्वी, जि. वर्धा)

ताई, नकाशा उघडून पाहिलात हे फार चांगले केलेत. अक्षांशाने ऊन किती तिरपे किंवा सरळ पडेल ते ठरते. म्हणूनच मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा लागतो त्याच सुमारास, आपल्या दोन्ही गावांवर भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मुंबईचा अक्षांशही फार वेगळा नाही, तरी तेथे मे महिन्यात पारा बहुधा 33-34 अंशांवर थांबतो आणि अकोल्यात 44 ओलांडतो, कारण पाणी सावकाश तापते, दुपारचा खारा वारा किनाऱ्याला गारवा देतो आणि आपल्या कोरड्या जमिनीपर्यंत तो पोहोचत नाही.

पावसाचे गणित मात्र वेगळे आहे. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि त्यांच्यातील बरीच वाफ घाटमाथ्यावरच रिती होते. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत तो दहाव्या हिश्श्यावर येतो. विदर्भ या पर्जन्यछायेतून पुष्कळसा बाहेर पडलेला असला, तरी आपल्या भरघोस पावसाची खरी वाट पूर्वेकडून आहे. बंगालच्या उपसागरावर तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा आणि छत्तीसगडवरून पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे सरकतात, आणि त्यांच्या केंद्राच्या नैर्ऋत्येला सर्वांत जोराचा पाऊस पडतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली हे जिल्हे या वाटेच्या तोंडाशी आहेत. जमिनीवर आल्यावर समुद्राची वाफ तुटते, ही क्षेत्रे विरत जातात आणि काही तर अकोल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे आपल्या माहेरी वर्षाला 1,200 मिलिमीटरच्या आसपास आणि सासरी 750 ते 800 मिलिमीटर असा फरक पडतो. धान तिकडे आणि कापूस इकडे, याचे मूळ जमिनीइतकेच यातही आहे.

ही क्षेत्रे ज्या लांबट कमी दाबाच्या पट्ट्याच्या वाटेने सरकतात, तो पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला, की मध्य भारतात पावसाचा खंड पडतो. सध्याची उघाड त्याच कारणाची असेल, तर उपसागरावर नवे क्षेत्र तयार होईपर्यंत वाट पाहावी लागेल.

उत्तर (धान उत्पादक, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

गुरुजींचे म्हणणे आमच्या अनुभवाशी जुळते. ओडिशाच्या किनाऱ्यावर कमी दाबाचे क्षेत्र आल्याची बातमी ऐकली, की आम्ही रोवणीच्या बायांना सांगून ठेवतो आणि चिखलणीची तयारी करतो. मात्र आमच्याकडील जंगलामुळे पाऊस जास्त पडतो, असे वडीलधारे सांगत आले आहेत. ते चूक मानावे का?

उत्तर (निवृत्त भूगोल शिक्षक)

भाऊ, ते चूक नाही, अपुरे आहे. झाडे मुळांनी ओढलेले पाणी पानांवाटे हवेत सोडतात, माती धरून ठेवतात आणि परिसर गार राखतात. पण एवढे मोठे जंगल आपल्याकडे टिकून आहे, यालाही हा पाऊसच कारण आहे.

उत्तर (अचलपूर तालुका, जि. अमरावती)

यात उंचीही धरावी. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंच आहे आणि अकोला 300 मीटरहून कमी. दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरते, या हिशेबाने पाच अंशांचा फरक केवळ उंचीचा होतो. आमच्याकडून घाट चढताना मे महिन्यातही दुपारी हवेतील तो बदल अंगाला जाणवतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते: कधीकधी आमच्या धुऱ्यापर्यंत धो-धो पाऊस पडतो आणि नाल्यापलीकडील दिरांच्या शेतात मातीसुद्धा भिजत नाही. हे कसे?

उत्तर (निवृत्त भूगोल शिक्षक)

ताई, तो कमी दाबाच्या क्षेत्राचा सर्वदूर पाऊस नव्हे. तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळून जो ढग उभा राहतो, त्याचा पसारा अनेकदा चार-पाच किलोमीटरच असतो आणि त्याच्या पावसाची कड अगदी नाल्यावरूनही जाऊ शकते. अतिवृष्टी ठरवताना मात्र महसूल मंडळातील पर्जन्यमापकावर 24 तासांत 65 मिलिमीटर नोंद झाली का, हे पाहिले जाते. असा ढग पर्जन्यमापकाला चुकवून आपल्या शेतावर रिता झाला, तर पीक वाहून जाते आणि नोंद कोरडी राहते. म्हणून पाण्यात बुडालेल्या पिकाची छायाचित्रे तारखेसह त्याच दिवशी काढून ठेवावीत आणि पंचनाम्यासाठी लगेच अर्ज द्यावा.