सरपंचपदाची बोली लागली, आम्ही बायांनी काय करावं?

पांढरकवडा_कडची
आमच्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आहे. सरपंचपद यंदा सर्वसाधारण महिलेसाठी राखीव. परवा रात्री मारोतीच्या पारावर बैठक झाली आणि ठरलं, की सभामंडपासाठी जो सगळ्यात जास्त देणगी देईल त्याच्या घरची बाई सरपंच. बाकी कोणी फॉर्म भरायचा नाही. बोली चौदा लाखांवर सुटली. पद बाईचं, पण बैठकीत एकही बाई नव्हती. जिच्या नावानं बोली सुटली त्या सुनेला दुसऱ्या दिवशी समजलं.

आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष ताईंनी उभं राहावं असं आम्हा सगळ्यांचं मत आहे. पाणीपट्टीचा हिशोब, अंगणवाडीचं गळकं छत, रोहयोची हजेरी, ग्रामसभेत हे सारं त्याच विचारतात. पण जाणते लोक म्हणून राहिले, "पोरी, गाव एक झालं, फूट पाडू नको. मंडप गेला तर तुमच्याच नावानं बोटं मोडतील." माझे सासरेही तेच बोलतात. चौदा लाख देणारा माणूस ते वसूल कुठून करणार? घरकुलाच्या यादीतून की विहिरींच्या कामातून? हे कोणी विचारून नाही राहिलं, याचाच मला राग आहे.

हे कायद्यात बसतं का? तक्रार कोणाकडे करावी?

निवृत्त_ग्रामसेवक_वाशीम
अजिबात बसत नाही. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथल्या निवडणुका जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं याच कारणावरून रद्द केल्या. उमराण्यात मंदिरासाठी दोन कोटींच्या वर बोली गेली होती. देवाच्या नावानं पैसे दिले म्हणून आयोगानं सोडलं नाही. अहवाल, कागदपत्रं, व्हिडिओ पाहून निर्णय दिला.

उभं राहणं किंवा न राहणं हा निवडणूक हक्कच आहे, आणि त्यासाठी पैसे देणं-घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणं लाच होते. जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या, प्रत आयोगाला पाठवा. बैठकीचं चित्रीकरण कोणाच्या मोबाईलमध्ये असेल तर आधी ते जपा.

ताईंचा फॉर्म मात्र तक्रारीच्या निकालाची वाट न पाहता भरा. एकच उमेदवार उरला तर मतदानच होत नाही, मग 'वरीलपैकी कोणीही नाही' हा 'नोटा'चा पर्यायही नाही. माघारीच्या दिवसापर्यंत दबाव येईल, तेवढे दिवस ताईंना एकटं सोडू नका. आणि निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्या, नाहीतर पुढं अपात्र ठरवतात.

कास्तकार_दारव्हा
ताई, दुसरी बाजूही पाहा. आमच्या गावात निवडणुकीपायी सख्ख्या भावांचा बांध तुटला, दोन घरं कोर्टात गेली. म्हणून आम्ही बिनविरोध केली, पैसा न घेता. तुमच्या गावानं बोली लावली ते चुकलंच, पण एकमतानं माणूस निवडणं वाईट नाही.

धानोरा_गडचिरोली
एकमत पाहायचं तर आमच्या मेंढा-लेखाले या. तिथं ग्रामसभेत बाया-माणसं सारे बसतात. एकाचाही विरोध असला तर निर्णय थांबते, पुन्हा चर्चा होते. २००९ मध्ये त्या गावाले १,८०० हेक्टरच्या वर जंगलावर सामूहिक वनहक्क भेटला, अन् बांबूचा हिशोब ग्रामसभेतच होते. पारावरच्या पंधरा माणसांनी ठरवलं तर त्याले गावाचं मत कसं म्हणावं?

पांढरकवडा_कडची
सगळ्यांचे आभार. काल गटाच्या बैठकीत ठरलं, ताई फॉर्म भरणार. त्यांचा जन्म १९९५ च्या आधीचा, त्यामुळे सातवी पासची अट लागत नाही. सप्टेंबर २००१ नंतरच्या दोन अपत्यांच्या अटीतही बसतात.

दारव्ह्याच्या दादा, पैसा न घेता सगळ्यांसमोर चर्चा झाली तर आम्ही पहिल्या रांगेत बसू. सभामंडपासाठी वर्गणीही देऊ.

तक्रारीवर गटातल्या बाया सह्या करायला तयार आहेत. ती सूनही सही करते म्हणाली, पण तिला त्याच घरात राहायचं आहे, म्हणून तिचं नाव घालणार नाही. व्हिडिओ एका पोराकडे आहे. तो पेन ड्राइव्हमध्ये देऊन चालेल की सोबत काही लिहून द्यावं लागतं?