वर्डमध्ये मराठी ओळींतलं अंतर खालीवर का होतं?

प्रश्न
१२ पॉइंटचा मजकूर, लाइन स्पेसिंग 'सिंगल'. मराठी शब्द असलेल्या ओळी ऐसपैस बसतात, निव्वळ इंग्रजी ओळी एकमेकींना चिकटतात. 'मल्टिपल' १.१५ करून पाहिलं, अंतर वाढलं पण फरक तसाच. 'एक्झॅक्टली' १४ पॉइंट केल्यावर ओळी सारख्या झाल्या, पण 'मूर्तींचा' मधला रफार आणि अनुस्वार वरून छाटला गेला. आता?

प्रतिसाद १
आकडे राहू द्या, आधी फॉन्ट बघा. 'सिंगल' म्हणजे १२ पॉइंट नव्हे. ओळीची उंची फॉन्टच्या आतल्या मापांवरून ठरते. मंगलसारख्या फॉन्टमध्ये मात्रा-उकारांसाठी वरखाली भरपूर जागा राखलेली असते, कॅलिब्रीत तेवढी नसते. एका ओळीत दोन्ही आले की उंच फॉन्टचं माप चालतं. 'मल्टिपल' त्याच मापाला गुणतो, म्हणून फरक जात नाही.

कंट्रोल+ए, मग कंट्रोल+डी. 'लॅटिन टेक्स्ट' (इंग्रजीसाठी) आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' (देवनागरीसाठी) या दोन्ही ठिकाणी एकच फॉन्ट द्या: 'निर्मला यूआय' किंवा 'मुक्त' (Mukta), दोन्हींत दोन्ही लिप्या आहेत. साइझही दोन्हीकडे वेगळा असतो, तो विसरू नका. दुसरा रकाना दिसतच नसेल तर ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी जोडा. रोजचं काम असेल तर हेच 'नॉर्मल' स्टाइलमध्ये करून ठेवा.

प्रतिसाद २
'एक्झॅक्टली' हवंच असेल तर १४ फारच कमी. १२ पॉइंटच्या देवनागरीला २० पासून सुरुवात करा आणि 'मूर्तींचा' हाच शब्द कसोटीला ठेवा: वर रफार-वेलांटी-अनुस्वार, खाली ऊकार. काही छाटलं तर एकेक पॉइंट वाढवा. ओळीत चित्र असेल तर 'एक्झॅक्टली'त त्याची फक्त पट्टी दिसते. त्या परिच्छेदाला 'सिंगल' किंवा 'ॲट लीस्ट' द्या.

आणि एंटर दाबल्यावर पडणारी फट ही लाइन स्पेसिंग नव्हे. वर्ड २०१३ पासून परिच्छेदानंतर आपोआप ८ पॉइंट सुटतात. ते 'स्पेसिंग आफ्टर'मध्ये शून्य करा. हे दोन बरेच जण एकच समजतात.

प्रश्नकर्ता
फॉन्ट एक केल्यावर ओळी सरळ झाल्या. हाच मजकूर वेबपानावर टाकला तर मोठ्या मथळ्याच्या दोन ओळी एकमेकींवर चढतात. सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत) बॉडीला, म्हणजे सगळ्या पानाला, लाइन-हाइट (ओळीची उंची) १.५ ईएम आहे; १ ईएम म्हणजे फॉन्टच्या साइझइतकं.

प्रतिसाद १
'ईएम' काढा, नुसतं १.५ लिहा. १६ पिक्सेलच्या बॉडीवर १.५ ईएम म्हणजे २४ पिक्सेल, आणि मथळ्याकडे वारशाने तो २४ च जातो. मथळा ३२ चा असेल तर चढणारच. एककाशिवाय लिहिलं की पट वारशाने जाते, मथळ्याला ४८ मिळतात. ते मथळ्याला सैल वाटलं तर तिथे वेगळं १.३ द्या. देवनागरीच्या सलग मजकुराला मात्र १.६ ते १.७ बरं दिसतं.