अकँथोडीस माशाचं मॉडेल करतोय, काटे कसे बसवायचे? मदत हवी आहे

मंडळी, बडोद्याहून लिहितेय. भाचा आठवीत आहे, रायोलीला डायनासोरची अंडी बघून आल्यापासून त्याला जीवाश्मांनी अक्षरशः झपाटलंय आणि शाळेच्या प्रदर्शनासाठी त्याने चक्क अकँथोडीस निवडलाय. जर्मनीत लेबाखला मिळतो तो, सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीचा, गोड्या पाण्यातला. मला हा मासा फार आवडलाय, एवढा जुना आणि आपल्याकडे कुणी नाव पण ऐकलेलं नाही.

थर्माकोलचं अंग कोरून झालंय, सडपातळ, शेपटीचा वरचा भाग शार्कसारखा लांब, पाठीवर एकच पर आणि तोही पार मागे. शेपटी सोडून प्रत्येक पराच्या पुढच्या कडेला एक काटा, त्याच्यामागे पातळ पडदा, तो आम्ही बटर पेपरचा लावतोय आणि काट्यांना बांबूच्या काड्या तासल्यात. आता अडलंय असं की एक बाजू कापून आतलं दाखवायचंय, तर काटा आत कुठपर्यंत न्यायचा, मणक्याला जोडायचा का? आणि तोंडात दात दाखवायचे का, खवले एकावर एक चढवायचे का? प्लीज कुणीतरी सांगा, रविवारी रंग द्यायचाय.

उत्तर:
ताई, मणक्याला अजिबात जोडू नका. पाठीवरच्या काट्याचं बूड नुसतं स्नायूत रुतलेलं असतं, फक्त छातीच्या जोडीचं बूड खांद्याच्या हाडाला टेकवा. मणके कडक झालेलेच नव्हते, त्यामुळे मणक्यांची माळ न करता सलग पृष्ठरज्जू (नोटोकॉर्ड, म्हणजे मणक्यांच्या जागी असणारा लवचिक दांडा) दाखवा, जाड सुतळी चालेल. सांगाडा बराचसा कूर्चेचा, तो कुजून जायचा, काटे डेंटीनचे, म्हणजे आपल्या दातात असतं त्या कठीण द्रव्याचे, म्हणून टिकले, हे पाटीवर नक्की लिहा, बघणारे हेच विचारतात. दात नकोत, याला दातच नव्हते, कल्ल्यांवरच्या लांब बारीक दात्यांनी तो पाण्यातलं खाणं गाळून घ्यायचा. खवले अगदी बारीक, चौकोनी, फरशीसारखे शेजारी शेजारी. डोळे मोठे करा, कॅन्ससच्या अकँथोडीसच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे ठसे मिळालेत, २०१४ मध्ये जाहीर झालं ते. आणि आता अकँथोडीससारख्या या सगळ्या काटेवाल्या माशांना शार्कच्याच घराण्यातले जुने नातेवाईक धरतात.

ताई:
खूप खूप आभार! सुतळी आजच आणते. पोटाखालच्या जोडीचे काटे छातीच्या काट्यांएवढेच ठेवू का?

उत्तर:
नाही, बरेच लहान ठेवा.