घोडीची किंमत शर्यतीनंतरच कळते

वर एका दादांनी लिहिलंय की घोडी शर्यतीतून उतरली की संपली, वंश चालतो तो नराच्या नावावर. हे मला अजिबात पटत नाही.

अर्बन सी ही शर्यतीची घोडी बघा. १९९३ साली पॅरिसची आर्क द ट्रायम्फ ही शर्यत तिनं जेमतेम घोड्याच्या मानेएवढ्या फरकानं मारली. तिच्यावर फारसा कुणाचा भरवसाही नव्हता. पण खरं काम पुढंच. तिचा मुलगा गॅलिलिओ २००१ ची एप्सम डर्बी ही इंग्लंडमधली मोठी शर्यत जिंकला आणि नंतर ब्रिटन-आयर्लंडमध्ये बारा वेळा अव्वल वंशकर्ता ठरला, म्हणजे त्या वर्षी त्याच्या लेकरांनी शर्यतींत सगळ्यात जास्त बक्षिसं कमावली. चौदाच्या चौदा शर्यती जिंकणारा फ्रँकेल गॅलिलिओचाच मुलगा. अर्बन सीचा दुसरा मुलगा सी द स्टार्स. त्यानं २००९ मध्ये डर्बी आणि आईनं जिंकलेली आर्क, दोन्ही मारल्या. अर्बन सी त्याच वर्षी मार्चमध्ये शिंगराला जन्म देऊन गेली. लेकाची डर्बी जूनमध्ये, तिनं पाहिलीच नाही. हे वाचलं की आजही पोटात कालवतं.

मागणी असलेल्या नराची वर्षाला शंभरावर शिंगरं होतात, म्हणून नाव त्याचं गाजतं. घोडी अकरा महिने गाभण, मग एकच.

आमच्या आटपाडीकडं खिलार खोंड घेताना माणसं आधी गाय बघतात. शेजारच्या मळ्यात एकदा पहाटे घोडी व्याली. ओलं शिंगरू चारदा कोलमडलं, ती चाटत, नाकानं ढकलत राहिली. तासाभरात ते उभं राहून आचळ शोधायला लागलं.