खाडी राखीव, मग तळी का नाहीत?

नेरुळकर: ठाणे खाडीत २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडी रामसर यादीतही (महत्त्वाच्या पाणथळींची आंतरराष्ट्रीय यादी) गेली. अभयारण्य १६९० हेक्टर. पण भरती चढली की पक्षी जिथे चरतात तो चिखल पाण्याखाली जातो आणि ते उडून नवी मुंबईत नेरुळच्या डीपीएस शाळेजवळच्या तळ्यासारख्या उथळ जागी येऊन एका पायावर उभे राहतात. ही तळी हद्दीबाहेर! म्हणजे ताट राखीव, अंथरूण वाऱ्यावर. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएसमध्ये भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तळं आटलं, आणि आसपास मेलेले फ्लेमिंगो सापडले. तळी आधी हद्दीत घ्या, बोटसफारीचं कौतुक नंतर.

दिवा कोळीवाडा: हद्द वाढवा म्हणायला काय जातंय? आमचे बाबा ओहोटीला बिळात हात घालून निवट्या (चिखलातले मासे) काढायचे. आता चिंबोरी (खेकडा) फोडली तर रॉकेलसारखा वास येतो. कारखान्यांचं पाणी खाडीत सुटत होतं तेव्हा अभयारण्य मागायला कोणी आलं नाही. गुलाबी पक्षी आला आणि सगळ्यांना खाडी दिसली.

नेरुळकर: दादा, मी तळ्यांबद्दल बोलतोय. तुमची जाळी खाडीत.

दिवा कोळीवाडा: आज तळी, उद्या तळ्याभोवतीची पट्टी, परवा आमचं बंदर.

दुर्बीणवाला: एक गोची कोणी बोलत नाही. छोट्या फ्लेमिंगोचं मुख्य खाणं निळं-हिरवं शेवाळ, आणि ते फोफावतं सांडपाण्यातल्या खतावर. खाडी उद्या चकाचक झाली तर हे एवढ्या संख्येने येतील का? तरी तळ्यांच्या बाबतीत मी नेरुळकरांच्या बाजूने. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून ३९ फ्लेमिंगो मेले, तेही तळ्यावरून हुसकावल्यामुळेच.

साधा प्रश्न: ‘हुसकावल्यामुळेच’ कशावरून? थवे रात्रीही उडतात. तळं वाचवायला भरतीचं कारण पुरेसं आहे, विमान कशाला ओढता? शेवाळाचंही तसंच. पक्षी टिकावेत म्हणून घाण ठेवायची, हे त्या चिंबोरीवाल्याला तोंडावर सांगून बघा.

दुर्बीणवाला: विमानाचं मागे घेतो. शेवाळाचं नाही.

नेरुळकर: कोळीवाडा, तळी राखीव करताना ‘खाडीतली पारंपरिक मासेमारी चालू राहील’ असं त्याच आदेशात लिहून मागितलं तर सही कराल?

दिवा कोळीवाडा: आधी कागद दाखवा. आणि मराठीत.