सागरेश्वर, चांदोली, कोयना: गाडीने जायचे तर मार्ग कसा आखावा?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सांगलीचे काही मित्र जानेवारीअखेर गाडीने सागरेश्वर, चांदोली आणि कोयना पाहायला निघणार आहोत. दोन मुक्काम शक्य आहेत. मित्रांची सारी ओढ वाघ पाहण्याकडे आहे. तो दिसण्याची कितपत आशा ठेवावी आणि मार्ग कोणता धरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शिराळकर

वाघाची आशा धरून आपण चांदोलीला येऊ नये, असे मी मनापासून सांगतो. १९८५ साली अभयारण्य आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालेले चांदोली २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले खरे, परंतु येथे वाघ अगदी मोजके आहेत, आणि ताडोबाच्या पानगळीच्या जंगलात जशी दूरवर नजर जाते तशी या सदाहरित, दाट रानात जात नाही. वाघ टिकायचा तर त्याला भक्ष्य पुरेसे हवे, म्हणूनच सागरेश्वरातील चितळ येथे आणून सोडण्यात आले. त्यामुळे आपण सागरेश्वर आधी पाहावे. कुंपणाने बंदिस्त अशा त्या छोट्या अभयारण्यात चितळ आणि सांबर सहज दिसतात, आणि पुढे चांदोलीत ज्या खाद्यसाखळीची गोष्ट आपण ऐकाल, तिची पहिली कडी तेथेच समजते.

चांदोलीत खरे पाहण्यासारखे आहे ते पुनर्वसन झालेल्या गावांच्या जागी. जुन्या शेतांचे बांध अजून ओळखू येतात, गावकऱ्यांनी लावलेले आंबे उभे आहेत आणि मोकळ्या पडलेल्या त्या शेतांत माजलेल्या गवतावर गवे चरायला उतरतात. ज्यांनी घरे सोडली त्यांच्या त्यागावर हे रान उभे आहे, याची जाणीव ठेवूनच तेथे जावे, असे मला वाटते. पाणवठ्याच्या ओल्या मातीत खुरांचे ठसे पाहावेत: गव्याचा ठसा रुंद आणि खोल उमटतो, भेकराचा इतका लहान की दोन बोटांत मावेल. झाडांवर शेकरू आणि धनेश यांच्याकडे लक्ष असू द्यावे.

रानवाट

मार्गाबाबत एवढेच: सांगलीहून पलूस, कुंडल करीत देवराष्ट्रे येथे जावे (यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव पाहणेही होईल), मग ताकारी, इस्लामपूर, पेठ नाका, शिराळा या रस्त्याने मणदूर गाठून मुक्काम करावा आणि सकाळी लवकर उद्यानात शिरावे. चांदोलीतून आरपार कोयनेला गाडी नेण्याचा विचार करू नये. परत महामार्गावर येऊन कराड, पाटणमार्गे कोयनानगरला जावे. स्थानिक वाटाड्या अवश्य घ्यावा, कारण झाडीत स्तब्ध उभा असलेला गवा नवख्या नजरेला काळा खडकच वाटतो. प्रवेशाचे नियम ऋतूनुसार बदलत असल्याने वनविभागाकडे आधी चौकशी करावी.

कृष्णाकाठ

दोघांचेही आभार. सागरेश्वर आमच्या यादीत शेवटी होते, ते आता पहिले घेतो. कोयनानगरऐवजी बामणोलीहून होडीने वासोट्याला जाण्याचा एका मित्राचा आग्रह आहे. तेवढ्या वेळात ते बसेल का?

रानवाट

नाही. वासोटा कोयना अभयारण्यातच आहे, पण बामणोलीला पोहोचायचे तर साताऱ्यावरून कासमार्गे जावे लागते, शिवाय होडी, वनविभागाची परवानगी आणि चढण यांत पूर्ण दिवस जातो. त्यासाठी वेगळी सवड काढावी.