ट्रेडमार्क ‘करणं’ मराठीत कसं म्हणाल?

पानगळ
एका दिवाळी अंकासाठी लेखाचा अनुवाद करतेय आणि एका वाक्यावर दोन दिवस अडलेय. मजकूर असा, की मे २०१३ मध्ये डिस्नेने ‘दीआ दे लोस मुएर्तोस’ (मृतांचा दिवस) हे मेक्सिकोच्या सणाचं नाव ट्रेडमार्क करायला १० अर्ज टाकले. १ तारखेला टाकले आणि लोक खवळल्यावर ७ तारखेला मागेही घेतले. सिनेमा यायचा होता (तोच पुढे २०१७ मध्ये ‘कोको’ नावाने आला), पण अर्जांत खेळणी, कपडे, दागिने, अगदी फळांचे मुरांबेसुद्धा होते.

मी लिहिलं, ‘नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्यासाठी अर्ज केले’. संपादकांचा शेरा आला, ‘चिन्ह कुठाय? हा तर सण आहे.’ कोशात हाच शब्द आहे म्हटलं, तर म्हणाले, लोक अंक विकत घेतात, कोश नाही. आमच्याकडे किराण्याच्या यादीत ‘घोडा छाप’ लिहीत, तेव्हा पुड्यावर घोडा असायचाच. त्यामुळे ते अगदीच चूक म्हणवत नाही. शब्द सुचवा. नामाचं निभेल, क्रियापद हवंय.

उलटतपासणी
संपादक चूक. १९९९ च्या कायद्यात चिन्हाच्या व्याख्येत नाव, शब्द, अक्षर, आकडा, सही, वस्तूचा आकार, रंगांची जुळणी असं सगळं येतं. व्यापारचिन्ह हाच शब्द, नोंदवणे हेच क्रियापद. धागा बंद करायला हरकत नाही.

खडीसाखर
व्याख्येत बसलं म्हणून कानात बसतं असं नाही हो, वकीलसाहेब. प्रश्नचिन्ह, निवडणूक चिन्ह, पदचिन्ह... चिन्ह म्हटलं की डोळ्यांपुढे आकृती येते. ‘नाममुद्रा’ घ्या. वर्तमानपत्रांच्या अर्थपानावर रुळलाय.

पानगळ
नाममुद्रा तिथे ब्रँडला वापरतात ना? ब्रँड न नोंदवताही असतो. इथे सगळं भांडण नोंदणीचं आहे.

काळी दोन
सरळ ‘पेटंट घेतलं’ लिहा. सगळ्यांना कळतं. ‘हा त्याचा पेटंट डायलॉग’ आपण म्हणतोच.

उलटतपासणी
कृपा करून नको!! पेटंट, म्हणजे एकस्व, शोधाला मिळतं. हळदीवरून भांडलो ते पेटंट. मिसिसिपी विद्यापीठाला १९९५ मध्ये मिळालं, माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने १९९७ मध्ये रद्द करवलं. सणाच्या नावाला पेटंट लावलंत तर उद्या लोक म्हणतील मेक्सिकोने मरणाचा शोध लावला.

बांधावरून
पानगळताई, आमच्याकडे याला शब्द आहे. ‘नावावर करून घेतलं.’ सातबाऱ्यावर नाव चढवतात तसं. आमच्या गावात गायरानाच्या कडेला एकाने आधी नुसती काटेरी फांदी टाकली, मग तार ओढली, मग तलाठ्याकडे चकरा सुरू. गुरं तिथं पिढ्यान्‌पिढ्या चरत होती, पण कागद कुणाकडेच नव्हता, कारण गरजच पडली नव्हती. मेक्सिकोवाल्यांचं दुखणं तेच असणार. ‘डिस्ने सण नावावर करून घ्यायला निघाली होती’ असं लिहा.

खडीसाखर
+१. आतापर्यंतचं सगळ्यात मराठी वाक्य.

उलटतपासणी
मराठी असेल, पण खोटं आहे. सण नावावर होत नाही, शब्दही होत नाही. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग असतात. ज्या वर्गात नोंद, तेवढ्यापुरता हक्क. डिस्नेकडे अमेरिकेत ‘लायन किंग’ सिनेमातलं ‘हाकुना मटाटा’ आहे. १९९४ चा अर्ज, २००३ ची नोंद, टीशर्टसाठी. त्यामुळे हे दोन शब्द बोलल्याबद्दल कुणाला नोटीस जात नाही.

बांधावरून
तारेच्या बाहेरून गवत बघायला आमच्याकडेही मनाई नाही, साहेब.

दारेसलामकर
हाकुना मटाटा निघालंच आहे तर चार ओळी. मी इथे टांझानियात १९ वर्षं आहे. स्वाहिलीत ‘हाकुना’ म्हणजे ‘नाही’, ‘मटाटा’ म्हणजे कटकटी. सिनेमाच्या आधीपासूनचं आहे, केनियाच्या एका बँडच्या १९८२ च्या गाण्यात ते होतंच. गंमत म्हणजे टांझानियात रोजच्या बोलण्यात ‘हम्ना शिदा’ जास्त ऐकू येतं. ‘हाकुना मटाटा’ आमचा भाजीवाला फक्त गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या गिऱ्हाइकाला म्हणतो. मला एकदाच म्हणाला, नवीन आलो होतो तेव्हा.

२०१८ च्या शेवटी या नोंदीविरुद्ध सह्यांची मोहीम झाली, ती एका झिम्बाब्वेच्या माणसाने सुरू केली होती. तिथली ही भाषाच नव्हे! माझ्या शेजाऱ्यांना आधी त्याचंच नवल वाटलं, डिस्नेचं नंतर.

अवांतर: स्वाहिलीत गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, लाखाला ‘लाकी’, विम्याला ‘बिमा’ म्हणतात. आपण कुणी हक्क सांगायला गेलो नाही. हलके घ्या.

काळी दोन
लांब कशाला जाता? २०२५ मध्ये ७ मे ला ऑपरेशन सिंदूर झालं आणि त्याच दिवशी रिलायन्सचा त्या नावासाठी अर्ज. वर्ग ४१, म्हणजे मनोरंजन. दुसऱ्या दिवशी मागे घेतला, कनिष्ठ कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय चुकून केला म्हणे. डिस्नेला सहा दिवस लागले होते, आपण पुढे आहोत.

खडीसाखर
त्यावरून आठवलं, तेव्हा मराठी वाहिन्याही ‘सिंदूर’च म्हणत होत्या. मराठीत शेंदूर!

दारेसलामकर
शेंदूर मारुतीला. बायकांचं ते कुंकू. दोन्ही एकच कसं?

खडीसाखर
शब्द एकच आहे, संस्कृत सिंदूर. आपल्याकडे तो देवळात गेला आणि कपाळावर कुंकू राहिलं. माझी आजी हळदीला लिंबू-टाकणखार लावून कुंकू घरी करायची. शेंदराला हात लावू द्यायची नाही, त्यात शिसं असतं. गवयाला शेंदूर खाऊ घालून आवाज घालवल्याच्या गोष्टी उगाच नाहीत.

बांधावरून
मग शब्द मिळाला की! ‘शेंदूर फासणे’. कालपर्यंत वाटेवरचा धोंडा, शेंदूर फासला की त्याला पुजारी येतो, दानपेटी येते. डिस्नेने शब्दाला शेंदूर फासला.

उलटतपासणी
यात देव उलटा झालाय. सण आधीच पूजेतला होता. तरी मुद्दा निघालाच आहे तर, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये उदबत्तीवाल्याला ‘रामायण’ नाव द्यायला नकार दिला. धर्मग्रंथाच्या नावावर एकट्याचा हक्क नाही म्हणून. मात्र पुढेमागे वेगळा शब्द जोडून नाव वेगळं केलं तर विचार होऊ शकतो. म्हणजे कुंपण आहे, फटही आहे.

मांडवीकाठ
धागा उशिरा दिसला. तुम्ही सगळे ‘मार्का’ विसरलात? ट्रेडमार्कला मराठी-कोंकणीत हाच जुना शब्द, पोर्तुगीज ‘मार्का’वरून. पाव, चावी, बटाटा आले तसाच. ‘मार्का मारणे’ हे क्रियापदही तयार आहे.

आणि पोर्तुगीजवरून आठवलं, ‘कोको’ ब्राझीलमध्ये ‘व्हिव्हा’ नावाने दाखवावा लागला. तिथे कोको म्हणजे शी.

खडीसाखर
मार्का पोर्तुगीज नव्हे, इंग्रजी मार्कला आकार लावलाय. आणि अख्ख्या धाग्याचं दु:ख परभाषेच्या घुसखोरीचं असताना उत्तर म्हणून पोर्तुगीज शब्द? शिवरायांनी परके शब्द काढायला राज्यव्यवहारकोश उगाच करवला होता?

मांडवीकाठ
ताई, तुमचा ‘बटाटा’ कुठल्या कोशात शुद्ध करणार? दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही मूळ मेक्सिकोचा. त्याच सणात तिकडे पितरांच्या वाटेवर त्याच्या पाकळ्या पसरतात. फूल घेतलंत, शब्दाला सोवळं?

खडीसाखर
फुलाचं नाव तर आपणच ठेवलं ना?

काळी दोन
मार्का उर्दूतून असावा. ‘मार्के की बात’.

मांडवीकाठ
तो अरबीतला मारका, अर्थ लढाई. इथे चाललीय ती.

पानगळ
सगळ्यांचे आभार. ‘नावावर करून घ्यायला निघाली होती’ असं लिहून पाठवलं, पुढच्या वाक्यात वर्गांचा खुलासा घातला, म्हणजे वकीलसाहेब रागावायला नकोत. संपादकांनी ते ठेवलं. खुलासा कापला. आणि ‘दीआ दे लोस मुएर्तोस’ वाचकांना उच्चारता येणार नाही म्हणून त्या जागी ‘मेक्सिकोची सर्वपित्री’ घातलंय. अंक छपाईला गेला.

उलटतपासणी
खुलासा कापला??

मांडवीकाठ
सर्वपित्री कशी? तो १ आणि २ नोव्हेंबरला असतो. वसईत, गोव्यात २ तारखेला आम्ही कबरींवर मेणबत्त्या लावतो, मग ‘मेक्सिकोची’ कशाला?

दारेसलामकर
मला एक कळलं नाही. घोडा छाप आणि घोडा मार्का यांत फरक काय? आमच्याकडे साबण ‘मार्का’ असायचा आणि काडेपेटी ‘छाप’. उलट कधी ऐकलं नाही.